आधी बाकडं बघा, मग बोर्ड!

हॉस्पिटलच्या एखाद्या विभागात पेशंट ट्रॅकिंगसाठी डिस्प्ले बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती इंची घ्यायचा?" दुसरा येतो, "स्मार्ट आहे ना?" आणि तिसरा, "उद्घाटनाला कोणाला बोलवायचं?" या तिन्ही प्रश्नांत पेशंट कुठेच नाही. ज्या बाकड्यावर बसून तो हा बोर्ड वाचणार, ते बाकडंही नाही. आधी कळस मग पाया, तो हाच प्रकार!

माझं म्हणणं सरळ आहे. डिस्प्ले ही सगळ्यात शेवटी ठरवायची वस्तू आहे. आधी ठरवायचं ते हे, की बोर्ड वाचणार कोण, किती लांबून वाचणार, वाचून काय करणार, आणि त्यावरची माहिती बदलणार कोण. या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आली, की टीव्ही घ्यायचा, एलईडी मॅट्रिक्स घ्यायचा की भिंतीवर साधा पांढरा फळा ठोकायचा, हे आपोआप कळतं.

कोणी म्हणेल, हा डॉक्टरांचा आणि खरेदी विभागाचा प्रश्न, इंजिनियरिंगच्या पोरांनी यात कशाला पडायचं? दोन कारणं आहेत. एक म्हणजे, फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत ‘स्मार्ट हॉस्पिटल’, ‘क्यू मॅनेजमेंट’ असलं काहीतरी दरवर्षी असतंच. आणि दुसरं म्हणजे, होस्टेलवर राहणाऱ्याला हॉस्पिटल चुकत नाही. रूममेटला डेंग्यू झाला, की त्याचे आई-बाबा गावाहून येईपर्यंत "पेशंटचे नातेवाईक कोण?" या हाकेला आपणच उभे राहतो.

बाकड्यावर कोण बसलंय?

आपल्या सोलापूरचंच उदाहरण घेऊ. १९६३ साली सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं ‘सिव्हिल’. तिथे येणारा पेशंट फक्त शहरातला नसतो. तो अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येतो, धाराशिव जिल्ह्यातून येतो, सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीकडूनही येतो. शहरातल्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कानडी, आणि कितीतरी घरांत उर्दू किंवा हिंदी. म्हणजे सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात एकाच बाकड्यावर चार भाषा मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात.

त्यात कोणी विडी वळणारी बाई असते, कोणी यंत्रमागावरचा कामगार असतो. विडीची मजुरी हजाराच्या हिशोबाने मिळते. ओपीडीत गेलेला दिवस म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. अशा माणसाच्या डोक्यात एकच भीती असते, ‘माझा नंबर गेला तर?’ म्हणून तो पाणी प्यायला उठत नाही. बायका तर बाथरूमलाही जात नाहीत. सगळे दाराला चिकटून उभे राहतात, दारात गर्दी झाली की आतल्या डॉक्टरांना काम सुचत नाही, मग मामा ओरडतात, आणि ओरडण्यात दोन नंबर खरंच राहून जातात!

बोर्डाचं खरं काम इथे आहे. माणसाला दारापासून हलवून बाकड्यावर बसवायचं, आणि बाकड्यावरून बिनधास्त उठून पाणी प्यायला जाऊ द्यायचं. ज्या बोर्डामुळे दारातली गर्दी कमी होत नाही तो बोर्ड शोभेचा, मग तो कितीही इंची असो.

इंच मोजायचेच तर अक्षराचे मोजा

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. त्यामागचं गणित फार सोपं आहे. ६/६ नजरेच्या माणसाला जेमतेम वाचता येणारं अक्षर डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं. (एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग.) सहा मीटरवर त्या अक्षराची उंची होते साधारण ८.७ मिलिमीटर. अंतर दुप्पट झालं की अक्षर दुप्पट हवं. नजर ६/१८ असेल तर तिप्पट हवं.

आता १२ मीटर लांबीचा वेटिंग हॉल धरा. शेवटच्या बाकड्यावरच्या ६/६ नजरेच्या माणसाला साडेसतरा मिलिमीटरचं अक्षर लागेल. ६/१८ वाल्याला ५२ मिलिमीटरचं. आणि ही झाली जेमतेम वाचण्याची हद्द. ताण न घेता, गर्दीतून मान वर करून वाचायचं तर दुप्पट धरा, म्हणजे १० सेंटिमीटर.

४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची असते सुमारे ५३ सेंटिमीटर. त्यावर हौसेने २० पेशंटची यादी लावली, तर एका ओळीला मिळाले २.६ सेंटिमीटर, आणि मधली जागा सोडून अक्षर उरलं दीड सेंटिमीटरचं. म्हणजे शेवटच्या बाकड्यावर चांगल्या नजरेच्या माणसालाही ते वाचता येणार नाही. तोच टीव्ही चार ओळींचा केला तर जमतं. म्हणजे पडदा बदलायची गरजच नव्हती, यादी छाटायची गरज होती! आणि डोळ्यांच्या ओपीडीबाहेर तर थेंब टाकून बसलेल्या पेशंटना कुठलाच बोर्ड धड दिसत नाही. तिथे आवाजच हवा.

दुसरा पर्याय म्हणजे दुकानांच्या पाट्यांवर पळणारी लाल अक्षरं असतात तो एलईडी मॅट्रिक्स. त्यातलं पी-१० मॉड्यूल म्हणजे ३२ बाय १६ ठिपके, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर, म्हणून पूर्ण मॉड्यूल ३२ सेंटिमीटर बाय १६ सेंटिमीटर. असं एक मॉड्यूल काहीशे रुपयांना मिळतं. तीन शेजारी-शेजारी लावले की जवळपास एक मीटर रुंद पट्टी झाली आणि १६ सेंटिमीटर उंच आकडे. उजेडातही दिसतात. घरगुती टीव्हीची चमक साधारण २५० ते ३५० निट असते, समोर खिडकी आली की त्यात पेशंटला स्वतःचंच तोंड दिसतं.

पण मॅट्रिक्सचीही मर्यादा आहे. १६ ठिपक्यांच्या उंचीत देवनागरी मावत नाही. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर... ‘त्र्यंबक’ लिहिलं की मुंग्यांचं वारूळ दिसतं! म्हणून माझा नियम असा: नुसता नंबर दाखवायचा असेल तर मॅट्रिक्स, शब्द दाखवायचे असतील तर टीव्ही किंवा मॉनिटर.

सेव्हन सेगमेंटचे जुने टोकन बोर्डही स्वस्त आणि टिकाऊ असतात. फक्त त्यांची एक खोड लक्षात ठेवा. एक दांडी गेली तर आकडा बिघडलेला दिसत नाही, दुसराच आकडा दिसतो. मधली दांडी गेली की ८ चा शून्य होतो, वरची गेली की ७ चा १ होतो. मॅट्रिक्समध्ये एक ठिपका गेला तर आकडा तोच राहतो. सेव्हन सेगमेंट घेणार असाल तर रोज सकाळी बोर्डावर ८८८ लावून बघायचं काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

‘एकोणऐंशी’ म्हणजे नक्की किती?

आता भाषा. दवाखान्याच्या पाटीवर ‘क्ष-किरण विभाग’ वाचून आमच्यासारखी कॉन्व्हेंटची पोरं क्षणभर थांबतात, आणि मग आपण एक्स-रेच्या दारात आहोत हे कळतं. मराठी माध्यमाचे मित्र यावर हसतात, हसू देत! पण कानडी किंवा तेलुगूच वाचता येणाऱ्या आजोबांना तर कुठलीच पाटी उपयोगाची नाही. एका पडद्यावर चार लिप्या फिरत्या ठेवल्या, तर आपली लिपी येईपर्यंत नंबर निघून जातो. त्यापेक्षा इंग्रजी आकडे लावा. मोबाइलमुळे ते सगळ्यांच्याच ओळखीचे झालेत. खोलीसाठी नावापेक्षा मोठा आकडा आणि दाराला ठळक रंग चालेल.

पण बोर्ड एकटा पुरत नाही. रेल्वे स्टेशनवर इंडिकेटरही असतो आणि अनाउन्समेंटही असते, कारण कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही आणि कोणाला वाचता येत नाही. हॉस्पिटलमध्ये हे तिन्ही प्रकार स्टेशनपेक्षा जास्तच भेटणार.

आवाजातही मेख आहे. मराठीत दोन आकडी संख्येला स्वतंत्र शब्द. ‘एकोणऐंशी’ म्हणजे ६९ की ७९, असं विचारून बघा आमच्या बॅचला! (७९ हो.) २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’सारखी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. त्या वादात कोण बरोबर, हा इथला विषय नाही. पण हॉस्पिटलच्या स्पीकरवर ‘त्रेसष्ट’ न म्हणता ‘सहा, तीन’ म्हणावं, यावर तरी भांडण नसावं.

आकडे सुटे वाचले की एक मोठा फायदा होतो. शून्य ते नऊ असे दहा आवाज, गुणिले चार भाषा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या फक्त ४० छोट्या फाइल. आपल्या होस्टेलच्या एका मजल्यावर चारही भाषा बोलणारे सापडतील, एका दुपारचं काम! मात्र प्रत्येक नंबर चारही भाषांत पुकारू नका. समजा एका हॉलवर पाच खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत पेशंटला तीन मिनिटं लागतात. म्हणजे दर ३६ सेकंदांना एक नंबर. एका भाषेला चार सेकंद धरले तर चार भाषांत १६ सेकंद, म्हणजे जवळपास अर्धा वेळ स्पीकर बोलतच राहणार, आणि मग कोणीच ऐकणार नाही. केसपेपर काढतानाच भाषा विचारून घ्या, आणि तो नंबर मराठीत आणि त्याच्या भाषेत एवढाच पुकारा. काम आठ सेकंदांत होतं.

नाव नको, नंबर पुरे

काही ठिकाणी बोर्डावर पेशंटचं पूर्ण नाव, वय आणि विभाग झळकतो. आपलेपणा वाटावा म्हणून असेल. पण नावासमोर ‘मानसोपचार’ किंवा ‘एआरटी सेंटर’ लिहिलं, की हॉलमध्ये बसलेल्या गल्लीतल्या माणसाला सगळी कुंडली कळली. सोलापूर तसं फार मोठं गाव नाही, ओळखीचं कोणी ना कोणी बाकड्यावर असतंच. एचआयव्हीबाधितांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झाला. कायदा बाजूला ठेवला तरी साधी माणुसकी काय सांगते? आपलं नाव झळकणार म्हणून एखादी मुलगी त्या विभागात यायचंच टाळेल, तर त्या बोर्डाने उपचार वाढवले की कमी केले?

ऑपरेशन थिएटरबाहेर तर नातेवाइकांना एक गुप्त नंबर द्यावा आणि पडद्यावर त्यासमोर एवढंच यावं: ‘तयारी’, ‘ऑपरेशन सुरू’, ‘रिकव्हरी’, ‘वॉर्डमध्ये’. किती मिनिटं उरली हे लिहू नये. आणि वाईट बातमी पडद्याने कधीच सांगू नये, ती माणसानेच बाजूला बसवून सांगायची असते.

डॉक्टरांचा फळा वेगळा

आतापर्यंत झाला तो पेशंटचा बोर्ड. कॅज्युअल्टीत डॉक्टर आणि सिस्टर यांना लागतो तो बोर्ड वेगळा, आणि एकाच पडद्यावर दोघांचं काम भागवायचा मोह टाळायला हवा. त्यांना हवं असतं ते असं: कुठल्या बेडवर कोण, कधी आला, लाल-पिवळा-हिरवा यातला कुठला आणि सगळ्यात महत्त्वाचं, आता कशासाठी थांबलाय? एक्स-रेसाठी, रक्ताच्या रिपोर्टसाठी, ऑर्थोच्या डॉक्टरांसाठी, की वॉर्डातल्या बेडसाठी? हा शेवटचा रकाना नसेल तर तो बोर्ड म्हणजे नुसतं हजेरीपत्रक. रंगासोबत अक्षरही लिहावं, कारण काही जणांना लाल आणि हिरव्यात फरक कळत नाही. आणि हा बोर्ड डॉक्टरांच्या नजरेसमोर पण हॉलच्या आड असावा.

यासाठी माझी पहिली पसंती पांढऱ्या फळ्याला आहे, हे ऐकून कॉम्प्युटरवाले मित्र चिडतील. पण रॉबर्ट वेअर्स या अमेरिकन इमर्जन्सी डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर अशा फळ्यांचा अभ्यास केला होता. २००७ साली आलेल्या त्यांच्या लेखात त्यांनी दाखवलं, की हे फळे कोणा डिझायनरने आखलेले नव्हते, तिथे काम करणाऱ्यांनीच ते हळूहळू घडवत नेले होते. फळ्याला लॉगिन लागत नाही. हातात मार्कर असला की दोन सेकंदांत नोंद होते. एक्स-रे आणि लॅबमध्येही तीच माहिती त्याच क्षणी दिसायला हवी, अशी गरज पडली की मग मॉनिटर घ्यावा. तेव्हाही फळ्यावरचे रकाने जसेच्या तसे उचलावेत, कारण ते वापरून-वापरून तयार झालेले असतात.

खोटा बोर्ड

बोर्ड नसणं वाईट, पण खोटा बोर्ड त्याहून वाईट. बोर्ड नसेल तर माणूस विचारतो तरी. बोर्डावर ४१ दिसतोय आणि आत ५३ चालू आहे, हे एकदा झालं की पुन्हा कोणी त्या बोर्डाकडे बघत नाही, सगळे परत दारात!

बोर्ड खोटा का पडतो? एक, नंबर पुढे ढकलायचं काम कोणाचंच नसतं. डॉक्टरांना वेगळी स्क्रीन उघडून तीन क्लिक करायला लावले तर ते करणार नाहीत, आणि करूही नये. टेबलावर एक मोठं बटण द्या, दाबलं की पुढचा नंबर. दोन, अडकलेला पडदा आणि चालू पडदा सारखेच दिसतात. म्हणून कोपऱ्यात सेकंद दाखवणारं घड्याळ हवं, आणि काही मिनिटं नवी माहिती आली नाही तर बोर्डाने स्वतःच ‘कृपया विचारा’ दाखवावं. तीन, वीज. टीव्ही यूपीएसवर असतो आणि नेटवर्कचा स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगवर! सगळी साखळी यूपीएसवर हवी. तसा ४३ इंची टीव्ही काय किंवा तीन मॉड्यूलची पट्टी काय, पंख्याच्या आसपासच वीज खातात. आणि चार, रिमोट. तो कुलपात ठेवला नाही, तर भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी पेशंट ट्रॅकिंग कुठे जातं ते सांगायला नको.

शिवाय सॉफ्टवेअर कायमचं नसतं. २०२२ साली राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलमधली जुनी संगणक प्रणाली बंद पडली, तेव्हा अनेक ठिकाणी केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. म्हणून नंबरचा बोर्ड मोठ्या प्रणालीशिवायही, नुसत्या बटणावर चालला पाहिजे.

"हे सगळं मोबाइलवर करता येईल की!" असंही कोणी म्हणेल. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘स्कॅन अँड शेअर’ सोय आहेच, क्यूआर कोड स्कॅन केला की केसपेपरच्या खिडकीचं टोकन फोनवर येतं. चांगलीच गोष्ट आहे. पण ती रांग खिडकीची, डॉक्टरांच्या दाराची नव्हे. आणि घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो कामावर गेलेल्या मुलाकडे असेल, तर बाकड्यावरच्या आजींनी काय स्कॅन करायचं?

मग खरेदी कशी करायची?

टेंडरमध्ये इंच लिहिणं सोपं असतं, कारण इंचांची तुलना करता येते. पण तुलना करता येण्यासारखं दुसरंही लिहिता येतं: ‘बारा मीटरवरून ६/१८ नजरेच्या माणसाला वाचता यावं’, ‘रोज १६ तास चालावं’, ‘बिघडल्यास दोन दिवसांत दुरुस्ती व्हावी’. घरगुती टीव्ही स्वस्त दिसतो, पण त्याचं वॉरंटी कार्ड नीट वाचा. व्यावसायिक वापराला वॉरंटी नाही, असं बऱ्याचदा बारीक अक्षरांत छापलेलं असतं. जास्त पैसे देऊन कमर्शियल डिस्प्ले घ्यायचा की स्वस्त टीव्ही दर काही वर्षांनी बदलायचा, हा हिशोब ज्याने-त्याने करावा. पण करावा!

मला विचाराल तर ओपीडीसाठी मॅट्रिक्सची पट्टी, बटण आणि स्पीकर. कॅज्युअल्टीत पांढरा फळा. थिएटरबाहेर चार ओळींचा एक मॉनिटर. यात उद्घाटनाचा फोटो काही फारसा चांगला येणार नाही, हे मान्य.

आणि प्रोजेक्ट करणाऱ्या मित्रांनो, मॉड्यूलची ऑर्डर देण्यापूर्वी परवानगी घेऊन कुठल्याही वेटिंग हॉलमध्ये दोन तास नुसते बसा. एक वही घ्या, आणि "कितवा नंबर चालू आहे?" असं किती जण उठून विचारतात तेवढं मोजा. बोर्ड लावल्यावर पुन्हा दोन तास बसा आणि पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी आला, तर प्रोजेक्ट जमला. नाही आला, तर गाइड सरांनी कितीही मार्क दिले तरी जमला नाही. बघा, पटतंय का!